दहापैकी सहा

आधी पाय गरम करून घ्यावे लागतात.
थंड पायात वीज रमतगमत चालते,
आणि यंत्र भोळं, त्याला तोच आजार वाटतो.
जुलैत इथे, त्रुहियोत, समुद्रावरचं धुकं थेट वॉर्डात येतं,
म्हणून मी टबात ऊन पाणी ठेवते
आणि अनोळखी माणसांच्या टाचा
टॉवेलात गुंडाळून बसते. एकवीस वर्षं हेच.

एलेउतेरिओ उआमानचुमो, वय अठ्ठावन्न,
वांचाकोचा. तोतोरा गवताच्या होड्या बांधणारा.
चौथा दिवस. मुलीनं, योल्वीनं, पाठुंगळी आणलं त्याला;
जिन्यात म्हणे हसत होता, लाजून.
तीन आठवड्यांपूर्वी पोट बिघडलं होतं, तेवढंच.
मग दोरी आवळताना बोटं सुटायला लागली,
मग पायऱ्या उंच झाल्या.

मनगटावर झटका: अंगठा उडाला. लाट उंच, डौलदार.
कोपरावर झटका: तीच लाट.
नवे डॉक्टर दारातूनच म्हणाले, नॉर्मल.
मी म्हटलं, थांबा.
एफ उरलाय.

एफचं असं असतं:
झटका बोटांकडे जातो तसाच उलटाही जातो,
दंडातून, काखेतून, पाठीच्या कण्यापर्यंत,
तिथं कुणाला तरी उठवतो
आणि निरोप घेऊन परत येतो.
मागाहून येणारी एक बारीक लाट,
सेकंदाचे हजार तुकडे केले तर अठ्ठाविसाव्यावर.
मी दहा झटके दिले.
दहाही वेळा पडदा सपाट.
तो मान वळवून बघत होता;
वांचाकोचा माणूस समुद्राकडे पाठ करत नाही.
"गेली ती आली नाही," म्हणाला.
मी काहीच सांगितलं नव्हतं.

बारावा दिवस. आता मीच यंत्र ढकलत त्याच्याकडे,
त्याच्या घशात नळी.
मनगटावर तीन, कोपरावर जेमतेम अर्धा;
मधल्या हातभर वाटेत वीज कुठंतरी सांडत होती.
सेकंदाला पंचावन्न मीटर धावायची, ती चोवीसवर,
आणि लाट इतकी विस्कटलेली
की तिला एक म्हणवेना.
पोटरीमागची सुरल मात्र शाबूत. या रोगाची ही खोडच:
हातांना काही कळत नव्हतं, घोट्याला चादर टोचत होती.

योल्वीनं विचारलं, बाहेरून काही शिरलंय का आत?
मी म्हटलं, नाही गं. कुंपणानंच शेत खाल्लं.
मग कुंपणाला सांगा ना कुणीतरी, ती म्हणाली.
ते सांगणं चालूच होतं, बाटलीतून,
थेंब थेंब, पाच दिवस.

झटक्याआधी मी सवयीनं म्हणते, थोडं टोचेल हं.
त्यानं पापण्या दोनदा मिटल्या.
दोनदा म्हणजे हो की नाही,
हे आमचं ठरलं नव्हतं.

फेब्रुवारी. उन्हाळा, तरी पाणी मी ठेवलंच.
वॉकर दाराला अडकला, त्यानं सोडवला.
तळवे मऊ पडलेले,
गवतानं कापल्याच्या जुन्या रेघा बुजलेल्या.
वेग अडतीस. लाटा बुटक्या, उशिराच्या.
मग एफ.
पहिला झटका, नाही. दुसरा, नाही.
तिसऱ्याला, एक्केचाळिसाव्या तुकड्यावर,
पडद्याला एक सुरकुती.
मी तिच्यावर बोट ठेवलं; तंत्रज्ञानं असं करू नये.

दहापैकी सहा, मी म्हटलं.
"आणि चार?"
काही वाटेत टेकतात, मी उगाच म्हटलं.
तो हसला नाही. होडी बांधणाऱ्याला
चाराचाही हिशेब लागतो.

योल्वीनं सपाता आणल्या होत्या.
त्यानं पिशवीतून बूट मागितले, लेसचे.
बाहेर बाकावर सात जण. यंत्राचा पंखा घुरघुरत होता.
उजवा झाला.
डाव्याची गाठ सुटली. पुन्हा सुटली.
योल्वी वाकणार तेवढ्यात मी तिला
कसला तरी फॉर्म भरायला दिला,
आणि पुसून झालेली तार
पुसत राहिले.